ॲमॉस अलोन्झो स्टॅग

ॲमॉस अलोन्झो स्टॅग (१६ ऑगस्ट, १८६२ – १७ मार्च, १९६५) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे आद्य प्रशिक्षक होते. १८९२ ते १९३२ अशी सलग ४१ वर्षे ते शिकागो विद्यापीठाच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यानंतर १४ हंगाम त्यांनी कॅलिफोर्निया राज्यातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या संस्थेच्या संघाला शिकवले. दीर्घकाळ मान्य असलेल्या गणनेनुसार मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर ३१४ विजय होते. अमेरिकन फुटबॉलमधील अनेक डावपेचांचे व साधनांचे श्रेय त्यांना दिले जाते. बास्केटबॉलच्या जन्माशीही त्यांचा निकटचा संबंध आहे. खेळाच्या प्रशिक्षकाला विद्यापीठात प्राध्यापकाचा दर्जा मिळणे ही त्या काळात नवी गोष्ट होती व स्टॅग हे तिचे सर्वांत ठळक उदाहरण मानले जातात.

या लेखातील फुटबॉल म्हणजे भारतात परिचित असलेला फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल हा रग्बीतून विकसित झालेला खेळ आहे. त्यात प्रत्येकी ११ खेळाडूंचे दोन संघ लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या सीमारेषेपलीकडे नेण्याचा प्रयत्न करतात.

प्रारंभिक जीवन

स्टॅग यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज या गावी झाला. आठ भावंडांपैकी ते पाचवे होते. वडील चर्मकाराचा व्यवसाय करीत. घरची परिस्थिती बेताची असल्याने लहानपणापासून मिळेल ते अंगमेहनतीचे काम करून त्यांना शिक्षण घ्यावे लागले. माध्यमिक शिक्षणानंतर येल विद्यापीठातील प्रवेशाची तयारी करण्यासाठी ते न्यू हॅम्पशायरमधील फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या शाळेत गेले. तेथे त्यांनी अत्यंत काटकसरीने, बहुधा अर्धपोटी राहून दिवस काढले. धर्मोपदेशक होणे हे त्या वेळी त्यांचे ध्येय होते.

येल विद्यापीठ

१८८४ साली स्टॅग यांनी कनेटिकटमधील येल विद्यापीठात प्रवेश घेतला व १८८८ मध्ये पदवी मिळवली. पदवीनंतर त्यांनी तेथेच धर्मशास्त्राचा अभ्यास सुरू ठेवला. विद्यार्थिदशेत त्यांची प्रथम ख्याती झाली ती बेसबॉलमध्ये. येलच्या संघाचे ते प्रमुख चेंडूफेक करणारे खेळाडू होते. न्यू यॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाने त्यांच्यापुढे मोठ्या वेतनाचा प्रस्ताव ठेवला. परंतु पैशासाठी खेळणे त्यांना मान्य नव्हते. शिवाय व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानांवर त्या काळी चालणारी मद्यविक्री त्यांना खटकत असे. गरिबीत वाढलेल्या या तरुणाने तो प्रस्ताव नाकारला. हौशी खेळ व धंदेवाईक खेळ यांत त्यांनी त्या वेळी ओढलेली ही रेघ त्यांच्या पुढील सर्व आयुष्यात कायम राहिली.

फुटबॉलमध्ये स्टॅग हे आघाडीच्या फळीच्या टोकाला खेळत. त्यांची उंची व बांधा बेताचाच होता. १८८८ च्या हंगामात वॉल्टर कॅम्प यांच्या मार्गदर्शनाखाली येलच्या संघाने सर्व १३ सामने जिंकले. त्या हंगामात येलने एकूण ६९८ गुण मिळवले व प्रतिपक्षांना एकही गुण मिळू दिला नाही. १८८९ साली देशभरातील सर्वोत्तम खेळाडूंचा पहिला ऑल-अमेरिका संघ निवडण्यात आला, त्यात स्टॅग यांचा समावेश होता.

याच काळात आपल्याला वक्तृत्व साधत नाही, हे स्टॅग यांच्या लक्षात आले. व्यासपीठावरून उपदेश करण्यापेक्षा मैदानावर तरुणांच्या सहवासात राहून चारित्र्य घडविण्याचे काम आपण अधिक चांगले करू शकू, अशा निष्कर्षाला ते आले. त्यांनी धर्मोपदेशक होण्याचा विचार सोडून दिला.

स्प्रिंगफील्ड व बास्केटबॉल

१८९० मध्ये स्टॅग मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी विद्यालयाचा फुटबॉल संघ उभा केला. त्या संघात मध्यभागी खेळणारे जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा बास्केटबॉल हा खेळ तयार केला. ११ मार्च, १८९२ रोजी शिक्षक व विद्यार्थी यांच्यात प्रेक्षकांसमोर या खेळाचा सामना झाला. विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला. शिक्षकांचा एकमेव गुण स्टॅग यांनी मिळवला होता. पुढे शिकागोत गेल्यावर महाविद्यालयांमध्ये या खेळाचा प्रसार करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शालेय संघांसाठी विद्यापीठात भरणारी राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धाही त्यांनी १९१७ मध्ये सुरू केली.

शिकागो विद्यापीठ

शिकागो विद्यापीठाची स्थापना उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून १८९० मध्ये झाली व १८९२ च्या ऑक्टोबरात अध्यापनास प्रारंभ झाला. विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे पूर्वी येलमध्ये हिब्रू भाषेचे प्राध्यापक होते व स्टॅग त्यांचे विद्यार्थी होते. नव्या विद्यापीठाचे नाव अल्पावधीत सर्वतोमुखी व्हावे अशी हार्पर यांची इच्छा होती. त्यासाठी विद्वान प्राध्यापकांबरोबरच एक चांगला फुटबॉल संघही उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखले होते.

हार्पर यांनी स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून नेमले. या नेमणुकीबरोबर सहयोगी प्राध्यापकाचे कायम पद होते. त्या काळी बहुतेक महाविद्यालयांत माजी खेळाडू हंगामापुरते येऊन संघाला शिकवीत व हंगाम संपताच परत जात. स्टॅग यांचे पद मात्र सामन्यांच्या निकालांवर अवलंबून नव्हते. आपल्या विभागाच्या अर्थसंकल्पावरही त्यांचे मोठे नियंत्रण होते व ते थेट अध्यक्षांना व विश्वस्तांना उत्तरदायी होते. या व्यवस्थेने त्यांना ४१ वर्षांचे स्थैर्य दिले. मात्र क्रीडा विभाग इतर प्राध्यापकांच्या देखरेखीपासून दूर राहिल्याची टीकाही याच व्यवस्थेमुळे होत राहिली.

पहिल्या हंगामात विद्यापीठाकडे पुरेसे खेळाडू नव्हते. त्यामुळे ३० वर्षांचे स्टॅग प्रशिक्षक असूनही स्वतः संघातून खेळले. व्यापारी मार्शल फील्ड यांनी दिलेल्या जागेवर मैदान तयार झाले व त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. १८९४ च्या हिवाळ्यात स्टॅग आपला संघ रेल्वेने पॅसिफिक किनाऱ्यावर घेऊन गेले. नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांच्या संघाने स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २४–४ असा पराभव केला. एका महाविद्यालयीन संघाने एवढ्या लांबचा दौरा करणे ही त्या वेळी अपूर्व घटना होती.

मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी खेळाडूंच्या पात्रतेचे नियम ठरविण्यासाठी १८९६ मध्ये एक संघटना स्थापन केली. हीच संघटना पुढे बिग टेन या नावाने प्रसिद्ध झाली. शिकागो विद्यापीठ तिचे संस्थापक सदस्य होते. स्टॅग यांच्या संघाने १८९९, १९०५, १९०७, १९०८, १९१३, १९२२ व १९२४ असे सात वेळा तिचे विजेतेपद मिळवले. मार्शल फील्ड मैदानाला पुढे स्टॅग फील्ड असे नाव देण्यात आले.

स्टेला रॉबर्टसन या शिकागो विद्यापीठातील विद्यार्थिनीशी स्टॅग यांचा १८९४ मध्ये विवाह झाला. स्टेला यांना खेळाची उत्तम जाण होती. त्या प्रतिस्पर्ध्यांचे सामने पाहून नोंदी ठेवीत व डावांच्या आकृत्या काढण्यात पतीला मदत करीत. या दांपत्याला ॲमॉस ज्युनियर, रूथ व पॉल अशी तीन अपत्ये झाली. दोन्ही मुलगे पुढे प्रशिक्षक झाले.

१९०५ चा हंगाम व खेळावरील संकट

३० नोव्हेंबर, १९०५ रोजी शिकागो येथे झालेला मिशिगन विद्यापीठाविरुद्धचा सामना हा स्टॅग यांच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेला सामना होय. फील्डिंग योस्ट यांच्या मार्गदर्शनाखालील मिशिगनचा संघ १९०१ पासून ५६ सामने अपराजित होता. २५,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर झालेल्या या सामन्यात दोन्ही संघांना सीमारेषा पार करता आली नाही. अखेर मिशिगनचा एक खेळाडू चेंडूसह स्वतःच्या सीमारेषेमागे अडवला गेला व त्याबद्दल शिकागोला दोन गुण मिळाले. शिकागोने सामना २–० असा जिंकला.

याच वर्षी अमेरिकन फुटबॉलचे अस्तित्व धोक्यात आले होते. तत्कालीन नियमांनुसार चेंडू पुढे फेकता येत नसे. खेळाडू एकमेकांना धरून घोळक्याने प्रतिपक्षावर तुटून पडत. या झुंडीत सापडून दरवर्षी काही खेळाडू प्राणास मुकत. शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राने १९०५ च्या हंगामातील मृतांची संख्या १८ च्या आसपास दिली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्याची सूचना केली. कोलंबिया विद्यापीठाने तर हा खेळ बंदच केला.

खेळातील हिंसेबरोबरच त्यातील पैशाचा प्रश्नही त्या वर्षी ऐरणीवर आला. कॉलियर्स या साप्ताहिकातील एका लेखमालेने मध्य-पश्चिमेतील विद्यापीठे खेळाडूंना आकर्षित करण्यासाठी कोणते मार्ग वापरतात यावर प्रकाश टाकला. त्यात शिकागोचेही नाव होते. हौशी खेळाचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या स्टॅग यांच्यासाठी ही टीका अडचणीची होती. शालेय खेळाडूंना विद्यापीठाकडे वळविण्यासाठी त्यांनी शालेय मैदानी स्पर्धांसारख्या उपक्रमांचा पद्धतशीर उपयोग केला होता. त्यांच्या संघाचा तारा वॉल्टर एकर्सॉल हा चार हंगाम खेळूनही पदवी मिळवू शकला नाही.

जानेवारी १९०६ मध्ये अध्यक्ष हार्पर यांचे निधन झाले. त्याच महिन्यात मिशिगनचे अध्यक्ष जेम्स अँजेल यांच्या पुढाकाराने मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांची परिषद भरली. एका हंगामात पाचच सामने, खेळाडूला जास्तीत जास्त तीन वर्षे खेळण्याची मुभा, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मज्जाव आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाच्या सेवेतीलच असावा, असे निर्बंध तेथून पुढे आले. या निर्बंधांना कंटाळून मिशिगनने काही वर्षे संघटना सोडली. शिकागोला मात्र शेवटची अट जाचक नव्हती, कारण स्टॅग १८९२ पासूनच प्राध्यापक होते.

स्टॅग हे राष्ट्रीय नियम समितीचेही दीर्घकाळ सदस्य होते. १९०६ मध्ये या समितीने चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजेच फॉरवर्ड पासला परवानगी दिली. त्यामुळे घोळक्याचा खेळ मोकळा होण्यास सुरुवात झाली. अनेक प्रशिक्षकांना हा बदल नकोसा वाटत असताना स्टॅग यांनी पहिल्याच हंगामापासून फॉरवर्ड पासवर आधारित डाव रचले.

खेळातील योगदान

सरावासाठी वापरला जाणारा भरीव पुतळा, डाव ठरविण्यासाठी खेळाडूंनी मैदानावर गोलाकार एकत्र येण्याची पद्धत अर्थात हडल, चेंडू सुरू होण्यापूर्वी एका खेळाडूने आडवे धावणे, टोकाच्या खेळाडूने मागून वळसा घेऊन चेंडू नेणे, खेळाडूंच्या पोशाखावरील क्रमांक अशा अनेक गोष्टींचे जनकत्व स्टॅग यांना दिले जाते. बेसबॉलमध्ये फलंदाजीच्या सरावासाठी वापरला जाणारा जाळीचा पिंजराही त्यांच्या नावावर आहे. यांपैकी काही कल्पना एकाच काळात निरनिराळ्या ठिकाणी सुचल्या असल्याने त्यांच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. स्टॅग यांच्या हाताखाली शिकलेले अनेक खेळाडू देशभर प्रशिक्षक झाले व त्यांच्याद्वारे या पद्धतींचा प्रसार झाला.

शिकागोत स्टॅग यांनी फुटबॉलबरोबर बेसबॉल व मैदानी खेळांचे संघही सांभाळले. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीवरही ते अनेक वर्षे होते. टचडाउन! हे त्यांचे आत्मकथन १९२७ मध्ये वेस्ली विनान्स स्टाउट यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले.

विचार व जीवनपद्धती

स्टॅग यांनी मद्य व तंबाखू यांना आयुष्यभर स्पर्श केला नाही. खेळाडूंवर ते कधी अपशब्दांचा वापर करीत नसत. चुकणाऱ्या खेळाडूला गाढव म्हणणे ही त्यांच्या रागाची परिसीमा मानली जाई. व्यायाम व साधा आहार यांबाबत ते वृद्धापकाळातही काटेकोर होते.

व्यावसायिक फुटबॉलला त्यांचा तीव्र विरोध होता. १९२३ मध्ये त्यांनी एक जाहीर पत्र लिहून रविवारी होणाऱ्या व्यावसायिक सामन्यांचा निषेध केला. पैशासाठी खेळणाऱ्या संघांमुळे महाविद्यालयीन खेळ भ्रष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. तथापि, महाविद्यालयीन फुटबॉल स्वतःच तोवर मोठ्या उत्पन्नाचे साधन बनला होता व त्याला तसे रूप देणाऱ्यांत स्टॅग यांचाही वाटा होता. त्यांच्या जीवनाचा अभ्यास करताना या विसंगतीकडे इतिहासकारांनी वारंवार लक्ष वेधले आहे.

शिकागोतून निवृत्ती

१९२४ नंतर शिकागोचा संघ उतरणीस लागला. आसपासच्या राज्य विद्यापीठांत विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढत होती. शिकागोत मात्र संशोधन व पदव्युत्तर शिक्षण यांवर अधिक भर दिला जात होता. १९२९ मध्ये रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हे वयाच्या तिसाव्या वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठात फुटबॉलला असलेले महत्त्व त्यांना मान्य नव्हते.

१९३२ मध्ये स्टॅग यांना ७० वर्षे पूर्ण झाली. प्राध्यापकांसाठी असलेला निवृत्तीचा नियम त्यांनाही लागू करण्यात आला. ज्या प्राध्यापकपदाने त्यांना चार दशके संरक्षण दिले होते, त्याच पदाच्या नियमाने त्यांची कारकीर्द संपुष्टात आणली. विद्यापीठाने देऊ केलेले सल्लागाराचे काम त्यांनी नाकारले. आपण अजून शिकवण्यास समर्थ आहोत, अशी त्यांची धारणा होती.

कॉलेज ऑफ द पॅसिफिक व उत्तरायुष्य

१९३३ मध्ये स्टॅग कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान संस्थेत रुजू झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते आपला नवा संघ घेऊन शिकागोला आले व स्वतःच्या नावाच्या मैदानावर त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या संघाचा ३२–० असा पराभव केला. १९४३ च्या हंगामात पॅसिफिकच्या संघाने नऊपैकी सात सामने जिंकले. त्या वर्षी ८१ वर्षांच्या स्टॅग यांची अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक संघटनेने वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली.

१९४६ च्या हंगामानंतर त्यांनी पॅसिफिक सोडले. १९४७ ते १९५२ या काळात पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात मुलगा ॲमॉस ज्युनियर याच्यासह त्यांनी प्रशिक्षण दिले. १९५१ मध्ये तेथील संघ अपराजित राहिला. त्यानंतर ते स्टॉकटनला परतले व तेथील स्थानिक महाविद्यालयात चेंडूला लाथ मारण्याचे तंत्र शिकवू लागले. १९६० मध्ये वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांनी हे कामही थांबवले. १९६४ मध्ये पत्नी स्टेला यांचे निधन झाले. १७ मार्च, १९६५ रोजी स्टॉकटन येथे वयाच्या १०२ व्या वर्षी स्टॅग यांचे निधन झाले.

स्टॅग फील्ड

स्टॅग यांच्या हयातीतच शिकागोतील त्यांचे कार्य मोडीत निघाले. डिसेंबर १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाने फुटबॉल बंद करण्याचा निर्णय घेतला. स्टॅग फील्डच्या प्रेक्षकसज्जाखालील रिकामी जागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शास्त्रज्ञांना देण्यात आली. तेथे २ डिसेंबर, १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवनिर्मित अणुभट्टीतील पहिली नियंत्रित शृंखला अभिक्रिया घडवून आणली. त्यामुळे अणुविज्ञानाच्या इतिहासातही स्टॅग यांचे नाव नोंदले गेले. जुने मैदान पुढे पाडण्यात आले व त्या जागी १९७० मध्ये विद्यापीठाचे रेगेन्स्टाइन ग्रंथालय उघडले. विद्यापीठाने १९६९ मध्ये फुटबॉल संघ पुन्हा सुरू केला, मात्र अगदी मर्यादित स्वरूपात. त्याच्या नव्या मैदानालाही स्टॅग यांचेच नाव आहे.

सन्मान व वारसा

१९५१ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच यादीत खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी स्टॅग यांचा समावेश झाला. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या पहिल्या यादीतही त्यांना स्थान मिळाले. त्यांच्या ३१४ विजयांचा टप्पा अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक पॉल ब्रायंट यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ओलांडला. अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक संघटनेचा सर्वोच्च सन्मान व बिग टेनच्या फुटबॉल विजेत्या संघाला मिळणारा करंडक स्टॅग यांच्या नावाने दिले जातात.

१९७३ पासून अमेरिकेतील तिसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना स्टॅग बोल या नावाने ओळखला जातो. या श्रेणीतील महाविद्यालये खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. आजचा शिकागो विद्यापीठाचा संघही याच श्रेणीत खेळतो.